२८ फुटी फायबर होडीवर बॅटरी आणि वायरिंग नव्याने करायचं आहे: बॅटरी कोणती, तार किती जाड, फ्यूज कुठे?

देवगडकाठ

होडी फायबरची, २८ फूट. इंजिन ९.९ एचपी आउटबोर्ड, दोरी ओढून सुरू होणारं, त्यावर चार्जिंगची कॉइल नाही. काम गिलनेटचं. दुपारी चारला निघणं आणि सकाळी सातपर्यंत परत येणं, म्हणजे साधारण १५ तास. जेट्टीवर वीज नाही, होडी खाडीत नांगरावर असते.

होडीवर हवंय ते असं: सात इंची फिश फाइंडर (जीपीएस त्यातच), २५ वॅटचा व्हीएचएफ रेडिओ (बोलण्या-ऐकण्याचा सेट), एलईडीचे नेव्हिगेशन दिवे, जाळी ओढताना लागणारे १८ वॅटचे दोन डेक लाइट, तळातलं पाणी उपसणारा, तासाला ११०० गॅलनचा बिल्ज पंप आणि मोबाइल चार्जिंग. आत्ता आहे ते सगळं काढून टाकणार. घरगुती तारा पिळून टेप मारलेल्या आहेत, फ्यूज एकही नाही.

बॅटरी किती अँपिअर-तासांची घ्यावी आणि तारा कोणत्या, हे नीट समजून घ्यायचंय.

---

बारा_व्होल्ट

बॅटरी शेवटी ठरवा, आधी वहीत हिशेब करा. प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेतं आणि किती तास चालतं, दोन्हींचा गुणाकार.

दिवे, चार एलईडी मिळून १ अँपिअर, १२ तास: १२
फिश फाइंडर १.२ अँपिअर, १४ तास: १७
व्हीएचएफ ऐकताना ०.४ अँपिअर, १४ तास, शिवाय बोलताना ५.५ अँपिअर, एकूण २० मिनिटं: ७.५
डेक लाइट ३ अँपिअर, ५ तास: १५
बिल्ज पंप ३.५ अँपिअर, १ तास: ३.५
मोबाइल: ५

बेरीज ६० अँपिअर-तास. यात सगळ्यात जास्त बदलणारा आकडा डेक लाइटचा आहे. ते पाचाऐवजी दहा तास जळले तर हिशेब ७५ वर जातो. त्यामुळे त्यांना स्विच हाताशी द्या, जाळी पाण्यात असताना ते बंद राहतील.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. म्हणून ६० लागत असतील तर किमान १२० घ्यावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, ८० टक्के वापरता येते, तिथे १०० पुरते.

---

खाडीपल्याड

माझं मत लेड-अ‍ॅसिडच्या बाजूने. कुठेही मिळते, कुठेही दुरुस्त होते, जुनी देऊन पैसे वजा होतात. फक्त दोन चुका टाळा.

पहिली, घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी होडीवर आणू नका. ती एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली आहे. उंच असल्याने होडी हेलकावली की जास्त डोलते, व्हेंटमधून अ‍ॅसिड बाहेर येतं आणि १५० अँपिअर-तासांचं वजन ५० किलोच्या वर जातं. दुसरी, गाडीची स्टार्टर बॅटरी. तिच्या पातळ प्लेटा दोन सेकंद मोठा करंट देण्यासाठी असतात, रात्रभर हळूहळू उतरण्यासाठी नव्हेत. सीलबंद डीप सायकल प्रकार मागा.

आणि उघड्या झाकणांची बॅटरी घेतलीच तर समुद्राचं पाणी आत जाणार नाही अशी पेटी हवी. खारं पाणी अ‍ॅसिडमध्ये गेलं की क्लोरीन वायू तयार होतो. बंद जागेत तो जीवघेणा आहे.

---

बारा_व्होल्ट

खाडीपल्याड, तुमचे दोन्ही इशारे बरोबर आहेत. पण या होडीची अडचण वेगळी आहे: इंजिन चार्ज करत नाही आणि जेट्टीवर वीज नाही. बॅटरी भरायला उरतं सोलर, नाहीतर ती उचलून घरी नेणं. १३० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड ३५ ते ४० किलो, डोंगीतून काठावर रोज कोण उतरवणार? १०० ची एलएफपी ११-१२ किलो, एका हाताने उचलते.

दुसरं कारण चार्जिंगच्या वेगाचं. लेड-अ‍ॅसिडचे शेवटचे २० टक्के भरायला चार-पाच तास लागतात, करंट आपोआप कमी होत जातो. सोलरवर ते रोज पूर्ण होत नाहीत. बॅटरी कायम ८०-८५ टक्क्यांवर राहते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग लोक म्हणतात बॅटरीच वाईट निघाली. एलएफपीला अर्धवट भरलेलं राहिल्याने काही होत नाही.

---

देवगडकाठ

मग एलएफपीकडे कल आहे. तिचे धोके काय?

---

बारा_व्होल्ट

तीन सांगतो, तिन्ही गंभीर.

१. आत बीएमएस नावाचं सर्किट असतं. व्होल्टेज फार उतरलं, सेल तापले किंवा करंट जास्त झाला की ते बॅटरी एका क्षणात तोडतं. लेड-अ‍ॅसिडवर दिवे मंद होतात, माणसाला कळतं. इथे काहीही न सांगता पूर्ण अंधार, व्हीएचएफसह. म्हणून १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची छोटी सीलबंद बॅटरी, यूपीएसमध्ये असते ती, वेगळी ठेवा. वजन अडीच किलोच्या आत. एका चेंजओव्हर स्विचने व्हीएचएफ आणि एक पांढरा दिवा तिच्यावर घेता आला पाहिजे. ऐकण्याचे ०.४ आणि दिव्याचे ०.२५ धरले तरी दहा तास निघतात, थोडं बोलणं झालं तरी आठ.

२. व्होल्टमीटर बघून चार्ज कळत नाही. लेड-अ‍ॅसिड शांत असताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी, हा अंदाज पक्का. एलएफपी १३.२ दाखवत असेल तर ती निम्मी असू शकते किंवा पाऊण भरलेली. निगेटिव्ह तारेवर शंट, म्हणजे करंट मोजण्याची पट्टी, बसवून अँपिअर-तास मोजणारा मीटर लावा.

३. चार्जर एलएफपीचाच हवा, १४.४ व्होल्टपर्यंत. जुन्या चार्जरमधला 'डीसल्फेशन' किंवा 'इक्वलायझेशन' टप्पा १५ व्होल्टच्या वर जातो, तो हिला चालत नाही. सोलर कंट्रोलरची, म्हणजे पॅनेलमधून बॅटरी भरणाऱ्या डब्याची, सेटिंग बदलायची राहून जाते, तिथेही तेच.

---

मचवा

माझ्याकडे ४० एचपी, सेल्फ स्टार्ट आणि आल्टरनेटर. त्याला थेट एलएफपी जोडली तर?

---

बारा_व्होल्ट

थेट नको. बॅटरी पूर्ण भरली की बीएमएस अचानक तोडेल, त्या क्षणी रेक्टिफायर-रेग्युलेटरवरचा (आल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) भार नाहीसा होतो आणि व्होल्टेज उसळतं. रेग्युलेटर जातो, कधी फिश फाइंडरही. त्याच कारणाने इंजिन चालू असताना मेन स्विच बंद करू नये, बॅटरी कोणतीही असो.

तुमच्या होडीला दोन बॅटऱ्या: इंजिनासाठी साधी स्टार्टर, बाकी सगळ्यासाठी वेगळी. मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीवरून दुसरी योग्य व्होल्टेजने भरणारा. दोन्ही लेड-अ‍ॅसिड असतील तर व्होल्टेजवर चालणारा रिले पुरतो, तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. दिवे रात्रभर जळले तरी सकाळी इंजिन सुरू होतंच.

---

तारवाला

बॅटरीवर पुष्कळ बोलणं झालं. होडीवर बिघाड होतो तो दहांत नऊ वेळा तारेच्या टोकाला, तर आता तिकडे वळू.

तार: घरात वापरतात ती तांब्याची तार होडीवर वर्ष-दोन वर्षांत काळीहिरवी पडते. आणि ती फक्त टोकाला नाही. पाणी बारीक तारांमधून केशाकर्षणाने इन्सुलेशनच्या आत फूटभर चढतं. टोक कापून पाहावं तर आतही काळंच. म्हणून कथील चढवलेली तार हवी. 'मरीन केबल' म्हणून मागितली तर लहान गावात मिळत नाही, पण सोलरच्या दुकानात मिळणारी डीसी केबल कथील चढवलेल्या बारीक तारांचीच असते, दुहेरी इन्सुलेशन, उन्हाला टिकणारी. ४ आणि ६ चौरस मिमी सर्रास मिळते, कधी २.५ ही. लहान होडीसाठी याहून सोयीचं काही नाही.

जाडी: तांब्याचा रोध लक्षात ठेवा, ०.०१७५. जाऊन-येऊन लांबी (मीटर) गुणिले ०.०१७५, भागिले तारेचं क्षेत्रफळ, गुणिले अँपिअर. उत्तर म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्ट. जाऊन-येऊन हे विसरू नका, निगेटिव्हही तेवढीच तार खाते.

नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकाला) ८ मीटरवर ५ अँपिअरचा दिवा:
१.५ चौ. मिमी: ०.९३ व्होल्ट गेले, जवळपास ८ टक्के
२.५: ०.५६ व्होल्ट, पावणेपाच टक्के
४: ०.३५ व्होल्ट, ३ टक्के

नेव्हिगेशन दिवे, रेडिओ, फिश फाइंडर आणि पंप यांना ३ टक्क्यांच्या आत ठेवायचं. तुमचे दिवे एलईडी, पाव अँपिअरचे, त्यांना १.५ मध्येही काही हरवत नाही. तिथे तार मजबुतीसाठी जाड घ्यायची, धक्क्याने तुटू नये म्हणून. पंपाला आणि व्हीएचएफला २.५ किंवा ४. बॅटरी ते पॅनेल १० चौ. मिमी घ्या. सगळं एकदम चालू झालं तर १५ अँपिअर होतात, अडीच मीटर अंतरावर ०.१३ व्होल्ट जातात, ठीक आहे.

---

सागरसूर

व्हीएचएफबद्दल एक लक्षण सांगतो, ओळखायला सोपं: सेट ऐकताना उत्तम, बोलायला बटण दाबलं की बंद पडतो किंवा परत सुरू होतो. बहुतेक वेळा सेट चांगला असतो. ०.४ वरून एकदम ५.५ अँपिअर मागितले की खराब जोडावर व्होल्ट पडतात. बटण दाबून धरा आणि मल्टिमीटर सेटच्या मागच्या टोकांवर लावा, मग बॅटरीवर. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तार किंवा जोड शोधा. हे तपासताना चॅनल १६ (हाक मारण्याचा आणि संकटाचा) सोडून दुसरीकडे जा आणि पॉवर २५ वॅटवरच ठेवा, १ वॅटवर दोष दिसत नाही. अँटेना जोडलेला हवाच, नाहीतर सेटचं आउटपुट जळतं.

---

देवगडकाठ

फ्यूज कुठे आणि केवढा? वायरमन म्हणतो घरातला एमसीबी लावू.

---

तारवाला

एमसीबी नको. घरातला एमसीबी एसीसाठी बनवलेला असतो. डीसीवर त्याचा शॉर्ट सर्किटचा भाग ठरलेल्या आकड्यापेक्षा उशिरा उडतो. वर खाऱ्या हवेत त्याची स्प्रिंग आणि स्क्रू गंजतात.

फ्यूज उपकरणासाठी असतो हा समज सोडा. फ्यूज तारेला जळण्यापासून वाचवतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो, हजारो अँपिअर सोडू शकते. फायबरच्या होडीत तार लाल झाली की पुढे काय होतं ते सांगायला नको.

मेन फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सात इंचांच्या आत. वीतभराहून कमी. बोल्टने बसणारा, झाकण असलेला डीसी फ्यूज, तुमच्या १० चौ. मिमी तारेला ४० अँपिअर. त्यानंतर मेन स्विच, त्यानंतर पॅनेल. पॅनेलमध्ये गाडीचे पात्याचे फ्यूज चालतात: दिव्यांना ३ (जांभळा), फिश फाइंडरला ३, डेक लाइटला ५ (फिकट तपकिरी), मोबाइलला ५, व्हीएचएफला १० (लाल). प्रत्येकाचे दोन-दोन जादा फ्यूज एका डब्यात ठेवा. फ्यूज उडाला म्हणून मोठा घालू नका. ३ च्या जागी २० घातला की तो फ्यूज राहत नाही.

बिल्ज पंपाचा फ्यूज मात्र पंपावर लिहिलेलाच घाला. पंपात जाळ्याचा धागा किंवा खवलं अडकून पंखा थांबला की मोटर भरपूर करंट ओढते, पण तो तार जाळण्याइतका नसतो. मोठा फ्यूज असेल तर मोटर तासभर तापत राहते आणि तिथेच वितळते.

---

मचवा

पंपाची तार मेन स्विचनंतर घ्यावी की आधी?

---

तारवाला

फ्लोट स्विचची (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) आधी, स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीला. होडी नांगरावर एकटी असते, मेन स्विच बंद असतो, पाऊस पडतो. तेव्हाच पंप चालायला हवा. पॅनेलवरच्या हातस्विचची दुसरी तार वेगळी.

पंपाचा जोड तळाच्या पाण्यात कधीही ठेवू नका. तार सरळ वर काढा आणि जोड कठड्याच्या उंचीवर करा. पाण्यात असलेल्या पॉझिटिव्ह जोडातून करंट गळतो, खाऱ्या पाण्यातून वाट काढतो आणि आउटबोर्डचा अ‍ॅल्युमिनियमचा पाय खातो. त्या पायाला वाचवायला लावलेला झिंकचा (जस्ताचा) तुकडा महिन्यात संपत असेल तर झिंक बदलण्याआधी हा जोड बघा.

आणि ११०० गॅलनच्या आकड्यावर विसंबू नका. तो पाणी वर न चढवता, १३.६ व्होल्टवरचा आहे. मीटरभर वर चढवून, वळणाच्या पाइपातून, १२ व्होल्टवर तो बराच कमी होतो. बादली ठेवाच.

---

खाडीपल्याड

जोडाबद्दल सविस्तर लिहा. सोल्डर की क्रिंप?

---

तारवाला

क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड. सोल्डर केलेली जागा कडक होते, त्याच्या कडेला तार धक्क्याने तुटते. फक्त सोल्डरवर अवलंबून राहू नका.

पद्धत: थिंबल (तारेच्या टोकाला बसवायचं तांब्याचं कडं) कथील चढवलेलं, तारेच्या मापाचं. २.५ च्या तारेला ६ चं थिंबल घालून ठोकायचं नाही. इन्सुलेशन काढताना एकही बारीक तार तुटू देऊ नका. रॅचेटवाल्या क्रिंपिंग पान्याने दाबा, पक्कड किंवा हातोडीने नाही. दाबल्यावर जोर लावून ओढा, सुटलं तर ते समुद्रात सुटण्यापेक्षा इथे सुटलेलं बरं. मग आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, दोन्ही टोकांनी गोंद बाहेर दिसेपर्यंत तापवा. साधी स्लीव्ह पाणी आत घेते आणि धरून ठेवते, उघड्या जोडापेक्षाही वाईट.

स्टडवर (थिंबल अडकवायचा बोल्ट) क्रम: सगळ्यात जाड तारेचं थिंबल खाली, पातळ वर, चारांपेक्षा जास्त नाही. वॉशर सगळ्यांच्या वर. थिंबल आणि टर्मिनलच्या मध्ये स्टीलचा वॉशर आला की करंट त्यातून जातो, स्टील तांब्याच्या मानाने फार वाईट वाहक, ती जागा तापते. टर्मिनल घट्ट केल्यावर पेट्रोलियम जेली. आधी लावायची नाही.

निगेटिव्हसाठी कथील चढवलेली तांब्याची पट्टी, सगळ्या निगेटिव्ह तिथे आणि तिथून एक जाड तार शंटमधून बॅटरीला. निगेटिव्ह तारेचा रंग पिवळा ठेवा. काळी घरच्या एसी वायरिंगमध्ये न्यूट्रलला वापरतात, उद्या कोणी होडीवर इन्व्हर्टर लावला तर गोंधळ जीवावर बेतेल.

---

सागरसूर

होकायंत्राजवळून जाणाऱ्या तारा एकमेकींभोवती पिळून न्या, म्हणजे दोन्हींचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं. नाहीतर डेक लाइट लावला की काटा सरकतो.

एलईडीने व्हीएचएफ बहिरा होतो हे अजून पुष्कळांना माहीत नाही. रात्री सगळे दिवे बंद करा, शांत चॅनलवर जा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम थांबेल इतकाच फिरवा. आता एकेक दिवा लावा. खरखर परत आली तर तो दिवा दोषी, त्याचा ड्रायव्हर आवाज पसरवतोय. दुसरा दिवा आणा किंवा अँटेनापासून लांब हलवा. स्वस्त सोलर कंट्रोलर आणि मोबाइल चार्जरचंही असंच तपासा. फिश फाइंडरवर उभ्या रेषा दिसत असतील तर ट्रान्सड्यूसरची (पाण्यात आवाज सोडणारा त्याचा भाग) केबल पॉवरच्या तारेबरोबर बांधलेली असते. दोन्ही वेगळ्या बाजूने न्या. केबल लांब आहे म्हणून कापून जोडू नका, गुंडाळून ठेवा.

दिव्यांचं: जाळी पाण्यात असताना लाल वर, पांढरा खाली, दोन्ही चहूबाजूंनी दिसणारे, मध्ये किमान १ मीटर अंतर. ट्रॉलरला हिरवा-पांढरा, तो आपला नाही. जाळी आडवी १५० मीटरपेक्षा लांब गेली तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. होडी पाण्यात चालत असेल तर बाजूचे लाल-हिरवे आणि मागचा पांढराही. डेक लाइट खाली वळवा, त्याच्या झोतात लाल दिवा बुडाला तर लावून उपयोग काय? आणि हे डेक लाइट कामापुरतेच. एलईडीच्या उजेडावर मासे ओढण्याला २०१७ पासून बंदी आहे.

---

देवगडकाठ

सोलर किती वॅटचं?

---

बारा_व्होल्ट

आपल्याकडे ऑक्टोबर ते मेपर्यंत १०० वॅटचं पॅनेल दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास देतं. तुम्हाला ६० हवेत, म्हणजे १०० वॅटची दोन, छपरावर. दिवसा होडी रिकामी उभी असते, हे तुमच्या सोयीचं. पॅनेलवर दोरीची किंवा काठीची सावली पडू देऊ नका, एका पट्टीवरची सावली पूर्ण पॅनेलचं उत्पादन खाली आणते. पक्ष्यांची घाण आणि मीठ गोड्या पाण्याने पुसा.

पॅनेल ३६ सेलचं, उघड्या टोकांना २१-२२ व्होल्टचं घ्या. घरच्या छपरावरची मोठी पॅनेल ४० व्होल्टच्या आसपासची असतात, ती साध्या, स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर निम्मी वाया जातात, जादा व्होल्टेज वापरून घेणारा एमपीपीटी कंट्रोलर लागेल. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, नंतर पॅनेल. काढताना उलट. ढगाळ आठवड्यात बॅटरी घरी नेऊन २० अँपिअरच्या चार्जरने चार तासांत भरेल.

---

मचवा

बॅटरीची पेटी कुठे?

---

तारवाला

मध्याच्या थोडी मागे, तळापासून हातभर वर, सावलीत. उष्णतेने एलएफपीचं आयुष्य घटतं. पट्ट्याने बांधल्यावर जोरात ढकलली तरी इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात नाही, तिथे कोणताही स्विच किंवा फ्यूजही नाही. लेड-अ‍ॅसिड असेल तर पेटीला वरच्या बाजूला हवा जायला वाट, हायड्रोजन वर जमतो.

तारा पीव्हीसी पाइपातून नेत असाल तर प्रत्येक खालच्या वळणाला छिद्र पाडा, नाहीतर तो पाइप पाण्याची टाकी होतो. उघड्या तारेला दर दीड फुटाला क्लॅम्प. पॅनेलमध्ये तार खालून शिरवा आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, पाणी झोळावरून गळून पडेल.

---

देवगडकाठ

शेवटचा प्रश्न. १ जून ते ३१ जुलै बंदीत होडी वर ओढलेली असते. बॅटरी आत ठेवली तर चालेल?

---

बारा_व्होल्ट

काढून घरी न्या. ५० मिलीअँपिअरची गळती दिसतसुद्धा नाही, पण दिवसाला १.२ आणि ६१ दिवसांत ७३ अँपिअर-तास होते. लेड-अ‍ॅसिड असती तर त्यातच संपली असती.

काढण्याआधी गळती मोजा. सगळं बंद करा, निगेटिव्ह सोडवा, मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून तार आणि टर्मिनलच्या मध्ये लावा. मीटर अँपिअरवर असताना काहीही चालू करू नका, त्याचा फ्यूज जाईल. शंट मीटर आणि कंट्रोलरचे थोडे मिलीअँपिअर दिसतील. त्याहून जास्त असेल तर पॅनेलचे फ्यूज एकेक काढा, ज्या फ्यूजला आकडा पडला त्या तारेवर दोष. बहुतेक वेळा तो पंपाचाच निघतो, म्हणून त्याचा वेगळा फ्यूज आधी काढून बघा.

एलएफपी ५०-६० टक्क्यांवर, तारा सोडवून, कोरड्या जागी. लेड-अ‍ॅसिड उलट: पूर्ण भरून, आणि महिन्याने पुन्हा भरून. नारळी पौर्णिमेआधी बसवताना प्रत्येक नट परत आवळा, प्रत्येक थिंबल ओढून बघा.

---

देवगडकाठ

यादी केली: १०० अँपिअर-तासांची एलएफपी, ७ ची सीलबंद, १०० वॅटची दोन पॅनेल, १० अँपिअरचे दोन कंट्रोलर, शंट मीटर, ४० चा मेन फ्यूज, सोलर केबल ४ ची ६० मीटर, मेनसाठी १० ची ६ मीटर.

---

तारवाला

दोन कंट्रोलर नकोत. दोन्ही पॅनेल समांतर जोडून २० अँपिअरचा एकच घ्या, जोड कमी होतील. कंट्रोलर ते बॅटरी तारेवर बॅटरीच्या बाजूला २० चा फ्यूज यादीत नाही, तो लिहा. आणि गोंदवाली स्लीव्ह तीन मापांची, प्रत्येकी दोन मीटर. ती नेहमी मध्येच संपते आणि मग उरलेल्या जोडांवर टेप येतो.

---

देवगडकाठ

लिहिलं. धन्यवाद सगळ्यांना.